पर्यटकांचे ताहिती : एका बेटाच्या प्रतिमेचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, सनदा, पत्रव्यवहार आणि सरकारी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. पर्यटकांसाठी छापलेली माहितीपत्रिका साधन म्हणून सहसा कोणी वाचत नाही. प्रस्तुत पाठात आपण ती तशी वाचणार आहोत. त्यासाठी दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती हे बेट निवडले आहे. वर्गात या बेटाचे नाव काढले की एखादा विद्यार्थी लगेच ‘मधुचंद्राचे ठिकाण’ असे म्हणतो. हे उत्तर चूक नाही, पण एखादे बेट जगाच्या मनात मधुचंद्राचे ठिकाण होऊन बसते, तेव्हा ते कोणी, केव्हा आणि कशासाठी तसे केले, हा इतिहासाचा प्रश्न असतो.

प्रथम भूगोल. ताहितीचे क्षेत्रफळ सुमारे १,०४५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोवा राज्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बेट ज्वालामुखीतून तयार झालेले असून ओरोहेना हे सर्वोच्च शिखर २,२४१ मीटर उंच आहे. डोंगर मध्ये, वस्ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर आणि भोवती प्रवाळाचे कडे, अशी त्याची रचना आहे. फ्रेंच पॉलिनीशिया या शंभराहून अधिक बेटांच्या प्रदेशाची राजधानी पापेएते येथेच आहे. प्रदेशाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या थोडी वर असून त्यातील जवळजवळ ७० टक्के लोक एकट्या ताहितीवर राहतात. हे प्रमाण लक्षात ठेवावे, त्याचे कारण पुढे येणार आहे.

माहितीपत्रिका पाहुण्याला साधारणपणे काय सांगते? भाषा फ्रेंच आणि ताहितीयन. चलन पॅसिफिक फ्रँक, युरोशी दर ठरलेला. सकाळी दुकानात फ्रेंच पद्धतीचा लांब पाव मिळतो. बाजारात नारळाच्या दुधातली कच्ची मासळी आणि चिनी पद्धतीचे जेवण मिळते. जुलै महिन्यात नृत्याचा मोठा उत्सव असतो. हे चित्रकार गोगँचे बेट आहे. शेजारच्या बेटांवर पाण्यात खांब रोवून उभारलेल्या झोपड्यांत राहता येते. लोक हसतमुख आहेत. यातील जवळपास प्रत्येक वाक्याला एक तारीख आहे. ती तारीख पत्रिकेत नसते, म्हणून सगळे जणू निसर्गानेच दिले आहे असे वाटते.

तोफा आधी, स्वागत नंतर

‘हसतमुख लोक’ येथूनच सुरुवात करू. ताहितीवर पोहोचलेले पहिले ज्ञात युरोपीय जहाज म्हणजे ब्रिटिश आरमाराचे ‘डॉल्फिन’. कप्तान सॅम्युएल वॉलिस जून १७६७ मध्ये माताव्हाई उपसागरात शिरला. शेकडो होड्यांनी जहाजाला वेढा घातला, दगडफेक झाली आणि जहाजाने तोफा डागल्या. दोन दिवसांनी पुन्हा तोफा डागल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या जमावावर गोळे पडले आणि अनेक माणसे मेली. नंतर होड्या फोडण्यात आल्या. त्यानंतर मात्र देवघेव सुरू झाली. डुकरे, कोंबड्या आणि फळे यांच्या बदल्यात बेटवासीयांना हवे होते लोखंड. खलाशांनी शरीरसुखाच्या मोबदल्यात लोखंडी खिळे द्यायला सुरुवात केली आणि जहाजाच्या लाकडांतून इतके खिळे उपटले की अधिकाऱ्यांना जहाजाच्या मजबुतीची काळजी वाटू लागली.

नऊ-दहा महिन्यांनी, एप्रिल १७६८ मध्ये, फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बूगँव्हिल बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हितिआ येथे उतरला. वॉलिस येऊन गेला आहे हे त्याला माहीत नव्हते. त्याच्या जहाजांभोवती होड्या आल्या त्या फळे घेऊन, मैत्रीच्या आरोळ्या देत आणि तरुण मुलींना पुढे करून. बूगँव्हिलला वाटले की आपण मानवजातीच्या निरागस बालपणात येऊन पोहोचलो. ग्रीक पुराणकथांत प्रेमदेवतेचे बेट म्हणून सिथेराचे नाव येते. त्यावरून त्याने ताहितीला ‘नवे सिथेरा’ असे नाव दिले.

येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. जे लोक वर्षभरापूर्वी तोफांनी भाजून निघाले होते, ते दुसऱ्या तशाच जहाजाचे स्वागत कसे करतील? अ‍ॅन सॅल्मंड यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी हे स्वागत राजकीय शहाणपण म्हणून वाचले आहे : बलाढ्य परक्यांना युद्धाऐवजी भेटी आणि नातेसंबंध यांच्या जाळ्यात ओढणे. बूगँव्हिलच्या सोबत्यांच्या रोजनिश्याही आता तपासल्या गेल्या आहेत. पुढे केलेल्या मुली फार लहान वयाच्या होत्या, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने त्या उभ्या होत्या आणि काही रडत होत्या, अशा नोंदी त्यांत सापडतात. युरोपने ज्याला मुक्त प्रेम म्हटले, ते त्या मुलींच्या दृष्टीने काय होते हे आपल्याला त्यांच्या शब्दांत कधीच कळणार नाही. पण ‘नवे सिथेरा’ हा शब्द वापरताना ही नोंद बाजूला सारता येत नाही.

बूगँव्हिलचा मुक्काम होता जेमतेम नऊ-दहा दिवसांचा. तेवढ्यात त्याने अनेक नांगर गमावले, कारण नांगर टाकण्याची जागा वाईट होती. स्वर्गाची बातमी युरोपला देणारा माणूस स्वतः मात्र तिथून निघण्याच्या घाईत होता!

पॅरिसमध्ये लिहिलेले बेट

बूगँव्हिलसोबत आहुतोरू नावाचा एक ताहितीयन पॅरिसला गेला. तो तेथे सुमारे वर्षभर राहिला, राजदरबारात त्याला नेण्यात आले, ऑपेराची त्याला गोडी लागली. परतीच्या प्रवासात १७७१ मध्ये देवीच्या रोगाने त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बूगँव्हिलचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात एक गोष्ट आहे जिच्याकडे वाचकांनी दुर्लक्ष केले. आहुतोरूशी झालेल्या बोलण्यातून बूगँव्हिलला कळले होते की ताहितीत सरदार आणि सामान्य यांत मोठे अंतर आहे, शेजारच्या बेटांशी क्रूर लढाया होतात आणि नरबळीही दिला जातो. त्याने पुस्तकात आपली आधीची समजूत दुरुस्त केली. वाचकांनी उचलली ती मूळ समजूत. दुरुस्ती तशीच राहून गेली.

तत्त्वज्ञ दिदरो याने १७७२ च्या सुमारास या प्रवासवर्णनाला एक काल्पनिक ‘पुरवणी’ लिहिली. ती १७९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. तीत एक ताहितीयन वृद्ध युरोपीयांना खडसावतो की तुम्ही आमची भूमी आपली म्हणून कशी घेता? वसाहतवादावरची ती धारदार टीका आहे. मात्र तो वृद्ध दिदरोने घडवलेला आहे. टीका करण्यासाठी असो वा स्तुती करण्यासाठी, पॅरिसला ताहिती हवे होते ते आपल्याशीच वाद घालण्याचे साधन म्हणून.

इंग्रजांच्या बाजूला जेम्स कुक १७६९ मध्ये आला, शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी. ३ जून १७६९ रोजी ज्या टोकावरून निरीक्षण झाले ते आजही ‘व्हीनस पॉइंट’ म्हणून पाहुण्यांना दाखवतात. पण या मोहिमेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस होता तुपाया. तो राइआतेआ बेटाचा पुरोहित आणि नौकानयनाचा जाणकार होता. कुकच्या जहाजावर त्याने सत्तरहून अधिक बेटांची माहिती देऊन नकाशा करवला. होकायंत्र किंवा लिखित साधने न वापरता तारे, लाटा आणि वारे यांवरून हजारो किलोमीटरच्या समुद्राचे ज्ञान पॉलिनीशियन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले होते, याचा तो पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांशी दुभाषा म्हणून बोलणी त्यानेच केली. १७७० च्या अखेरीस बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे रोगाने त्याचा अंत झाला. माहितीपत्रिकेत कुकचे टोक असते. तुपायाचा नकाशा क्वचितच असतो. इंग्रजीतला ‘टॅटू’ हा शब्दही याच सफरींतून, ताहितीयन ‘ताताउ’वरून जगभर गेला.

यानंतर ब्लायचे ‘बाउंटी’ जहाज आले (१७८८). त्याचे काम होते वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या स्वस्त अन्नासाठी विलायती फणसाची रोपे नेणे. पाच महिन्यांच्या मुक्कामानंतर एप्रिल १७८९ मध्ये खलाशांनी बंड केले. चित्रपटांनी हे बंड अजरामर केले, रोपे कोणासाठी होती हे मात्र मागे पडले.

कुकच्या प्रवासवर्णनांचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इंग्लंडमधील चांभारकाम करणारा एक धर्मोपदेशक ती वर्णने वाचून ताहितीला जाण्याचा विचार करू लागला होता. त्याचे नाव विल्यम कॅरे. पुढे बेत बदलला आणि १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. फोर्ट विल्यम कॉलेजात त्याने मराठी शिकवले आणि १८०५ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथून मराठीचे व्याकरण छापले. ताहितीला जाण्याचे त्याचे स्वप्न इतरांनी पुरे केले. लंडन मिशनरी सोसायटीचे ‘डफ’ हे जहाज ५ मार्च १७९७ रोजी ताहितीला लागले.

तोवर बेटावर आणखी एक पाहुणा येऊन राहिला होता, तो म्हणजे रोग. ज्या आजारांची येथील लोकांना प्रतिकारशक्ती नव्हती ते जहाजांबरोबर आले, त्यात बंदुकांनी तीव्र झालेल्या आपसांतील लढाया. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ताहितीची लोकसंख्या दहा हजारांच्याही खाली गेली होती. कुकने १७७४ मध्ये केलेला अंदाज दोन लाखांचा होता. तो फुगवलेला आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. आकडा काहीही धरला तरी घट भयंकर होती.

राणी, पाद्री आणि फ्रेंच तोफा

मिशनरींना पहिली पंधरा-वीस वर्षे फारसे यश आले नाही. सरदार दुसरा पोमारे याने १८१५ मध्ये प्रतिस्पर्ध्यांचा पराभव केला, १८१९ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मिशनरींच्या मदतीने कायदेसंहिता जाहीर केली. नवा धर्म, नवे राज्य आणि लिखित कायदा हे तिन्ही एकदम आले. पुढील कायद्यांनी जुने नृत्य, गोंदण, देवस्थाने यांवर बंदी आणली.

मग फ्रान्स कसा आला? १८३६ मध्ये दोन फ्रेंच कॅथलिक पाद्री ताहितीत उतरले आणि प्रोटेस्टंट मिशनरींच्या सल्ल्याने राणी चौथी पोमारे हिने त्यांना घालवून दिले. १८३८ मध्ये द्युपती-थुआर हा फ्रेंच नौदल अधिकारी आला. त्याने तोफांच्या धाकाने माफीनामा आणि नुकसानभरपाई वसूल केली. १८४२ मध्ये तो परत आला आणि सरदारांकडून ‘संरक्षणा’ची विनंती लिहून घेतली गेली. भारतीय विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. तैनाती फौजेच्या कराराप्रमाणेच ‘संरक्षण’ या शब्दामागे सार्वभौमत्वाची किंमत होती. १८४४ ते १८४६ या काळात ताहितीयन लोक डोंगरात मोर्चे बांधून फ्रेंचांशी लढले. डिसेंबर १८४६ मध्ये फाउताउआ खोऱ्यातील अवघड ठाणे पडले. राणी १८४७ मध्ये राइआतेआहून परतली आणि तिने संरक्षण मान्य केले. २९ जून १८८० रोजी तिचा मुलगा पाचवा पोमारे याने राज्य फ्रान्सच्या हवाली केले.

म्हणून पत्रिकेतले ‘फ्रेंच वातावरण’ हे तीन वर्षांचे युद्ध आणि एक सही यांतून आले आहे. चलनाचेही तसेच. पॅसिफिक फ्रँकची तीन अक्षरी ओळख आहे ‘सीएफपी’. १९४५ मध्ये चलन सुरू झाले तेव्हा त्यातील पहिले अक्षर ‘वसाहती’ या शब्दाचे होते. पुढे अर्थ बदलला, अक्षरे तीच ठेवली.

कापूस आणि चिनी जेवण

बाजारातले चिनी जेवण कोठून आले? याचे उत्तर अमेरिकेतील यादवी युद्धात आहे. १८६१ नंतर अमेरिकन कापूस बाजारातून नाहीसा झाला आणि भाव गगनाला भिडले. मुंबईत याच भाववाढीतून शेअरचा ज्वर चढला आणि १८६५ मध्ये तो कोसळला. त्याच वेळी ताहितीच्या दक्षिण किनाऱ्यावर आतिमाओनो येथे विल्यम स्टुअर्ट या व्यापाऱ्याने कापसाचा प्रचंड मळा उभारला आणि १८६५ पासून दक्षिण चीनमधून सुमारे हजार मजूर आणले. युद्ध संपले, अमेरिकन कापूस परतला आणि मळा १८७० च्या दशकात बुडाला. मजुरांपैकी काही तेथेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी चिनी कुटुंबे आली. किराणा, बेकरी, व्हॅनिलाचा व्यापार त्यांनी सांभाळला. तरी या समाजाला सरसकट फ्रेंच नागरिकत्व मिळायला १९७३ साल उजाडले. एकाच बाजारभावाने मुंबईचे सटोडिये आणि ताहितीचे चिनी स्वयंपाकघर या दोन्ही गोष्टी घडवल्या, हे उदाहरण आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्यासारखे आहे.

गोगँला न सापडलेले ताहिती

पॉल गोगँ जून १८९१ मध्ये पापेएतेला उतरला. तो काय वाचून आला होता? पिएर लोती या नौदल अधिकाऱ्याची १८८० मधील कादंबरी आणि वसाहतींची सरकारी जाहिरात. उतरल्यावर काही दिवसांतच पाचवा पोमारे मरण पावला आणि गोगँला वाटले की जुने ताहिती त्याच्याबरोबर गेले. पापेएतेत पत्र्याची छपरे होती, कचेऱ्या होत्या, बायका मिशनरी पद्धतीचे पायघोळ झगे घालत होत्या. तो मग गावाबाहेर माताइएआला गेला.

त्याची चित्रे मोठी आहेत यात वाद नाही. पण दस्तऐवज म्हणून ती वाचायची तर सावध राहावे लागते. ताहितीच्या देवदेवतांविषयी त्याने जे लिहिले त्यातील बराच भाग त्याने गावात ऐकलेला नव्हता; तो मोरेनहाउट या व्यापारी-मुत्सद्द्याच्या १८३७ मधील पुस्तकातून उतरवला होता. ‘इआ ओराना मारिया’ या त्याच्या प्रसिद्ध चित्रात हात जोडून उभ्या असलेल्या दोन ताहितीयन स्त्रियांची ठेवण त्याने जावामधील बोरोबुदुरच्या बौद्ध शिल्पांच्या छायाचित्रावरून घेतली. म्हणजे ‘अस्सल ताहिती’ म्हणून युरोपने जे पाहिले त्यात भारतीय परंपरेतून फुललेल्या शिल्पकलेचा अंश आहे! आणि ज्या मुलींना त्याने सोबतीण केले त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. १९०१ मध्ये तो मार्केसास बेटांवर गेला आणि १९०३ मध्ये तेथेच वारला. आज पॉलिनीशियन लेखक आणि कलावंत त्याच्याविषयी मोकळेपणे रागाने लिहितात. पर्यटन व्यवसायाला मात्र त्याचे नाव सोडवत नाही.

धावपट्टी आणि बॉम्ब

एवढी प्रसिद्धी असूनही दुसऱ्या महायुद्धापर्यंत ताहितीला फार थोडे पाहुणे पोहोचत. कारण साधे होते : अंतर. पॅरिसपासून हे बेट सुमारे १५,७०० किलोमीटर आहे आणि बोटीने महिना लागे. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने बोरा बोरा येथे तळ उभारला आणि तेथील प्रवाळबेटावर धावपट्टी केली. बोरा बोराच्या हॉटेलांकडे आज जाणारा प्रवासी याच युद्धकालीन पट्टीवर उतरतो. पापेएतेजवळ फाआआ येथे सरोवरात भराव टाकून केलेली जेट विमानांची धावपट्टी १९६० च्या अखेरीस वापरात आली. त्याच सुमारास हॉलिवूडचा ताफा मार्लन ब्रँडोला घेऊन ‘बाउंटी’च्या बंडावरील चित्रपटासाठी आला, हजारो स्थानिकांना रोजंदारी मिळाली. चित्रपट १९६२ मध्ये झळकला.

आता शेजारची तारीख पाहा. फ्रान्सने पहिला अणुस्फोट फेब्रुवारी १९६० मध्ये सहारा वाळवंटात केला होता. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि नवी जागा शोधणे भाग पडले. निवड झाली ताहितीपासून सुमारे १,२५० किलोमीटरवरील मोरूरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांची. १९६४ मध्ये प्रदेशाच्या विधानसभेच्या स्थायी समितीने ही बेटे फ्रेंच राष्ट्राला विनामोबदला दिली.

विरोध कोणी केला नाही का? येथे १९५८ साल आठवावे लागते. पुव्हाना आ ओपा हे पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेले सुतार होते आणि पुढे पॉलिनीशियातील सर्वांत लोकप्रिय नेते झाले. १९५८ च्या सार्वमतात त्यांनी फ्रान्सपासून वेगळे होण्याच्या बाजूने प्रचार केला. सार्वमतात ते हरले आणि काही दिवसांतच पापेएते शहर जाळण्याचा कट केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आठ वर्षांचा कारावास आणि पंधरा वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा झाली. म्हणजे बॉम्बचा निर्णय झाला तेव्हा त्याला सर्वांत मोठा विरोध करू शकेल असा माणूस बेटावर नव्हता. १९६८ मध्ये ते परतले, पुढे फ्रेंच सिनेटचे सदस्य झाले आणि १९७७ मध्ये वारले. ऑक्टोबर २०१८ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. साठ वर्षांनी.

पहिला स्फोट २ जुलै १९६६ रोजी मोरूरोआवर झाला. किरणोत्सारी धूळ मांगारेवा बेटावर पडली. तेथील रहिवाशांना तसे सांगण्यात आले नाही. १९९६ पर्यंत एकूण १९३ स्फोट झाले, त्यांपैकी चाळीसहून अधिक खुल्या हवेत. १७ जुलै १९७४ च्या ‘सेंटॉर’ या स्फोटाचा ढग अपेक्षेपेक्षा खाली राहिला आणि ताहितीकडे गेला. महिना जुलैचा, बेटावरच्या उत्सवाचा महिना. लोकांना सूचना नव्हती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रकार-संशोधक गटाच्या अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की त्या एका ढगामुळे सुमारे १ लाख १० हजार लोकांना भरपाईस पात्र ठरण्याइतका किरणोत्सार लागला असावा. भरपाईचा कायदा त्याआधी २०१० मध्येच झाला होता, पण त्याच्या अटी इतक्या कडक होत्या की पहिल्या वर्षांत फारच थोडे अर्ज मंजूर झाले.

बॉम्बने बेट जागच्या जागी बदलले. माकातेआ बेटावरील फॉस्फेटची खाण १९६६ मध्येच बंद झाली. सैन्याच्या बांधकामांवर पगारी काम मिळू लागले. दूरच्या बेटांवरचे तरुण मासेमारी आणि नारळाची बागायत सोडून पापेएते व फाआआच्या आसपास दाटीने राहू लागले. ७० टक्के लोक एकाच बेटावर का, याचे मोठे कारण हे. पैसा आला तसा आयात मालही आला, आणि महागाई आली ती अजून गेलेली नाही. ‘येथे वस्तू महाग आहेत’ असे पत्रिका पाहुण्याला बजावते. त्या महागाईला अंतर जबाबदार आहे, आयातीवरचे कर जबाबदार आहेत, पण या तीस वर्षांची पगारी अर्थव्यवस्थाही जबाबदार आहे.

आणि पाण्यावरची झोपडी? राइआतेआ बेटाला चांगला वाळूचा किनारा नाही. तेथे तीन अमेरिकन हॉटेलवाल्यांनी १९६७ मध्ये अडचणीतून वाट काढली आणि खोल्या थेट प्रवाळसरोवरावर खांबांवर उभ्या केल्या. जगभर, मालदीवपर्यंत, नक्कल झालेला हा ‘पारंपरिक’ प्रकार मोरूरोआवरील पहिल्या स्फोटाहून एका वर्षाने लहान आहे. दोन्ही गोष्टी एकाच समुद्रात, एकाच प्रशासनाखाली, एकाच वेळी चालू होत्या. एकीची छायाचित्रे जगभर वाटली जात होती, दुसरीचे कागद गोपनीय होते. माझ्या मते ताहितीच्या पर्यटनाचा इतिहास या दोन कागदांना शेजारी ठेवल्याशिवाय लिहिताच येत नाही.

दोन्ही एकमेकांवर आदळले ते सप्टेंबर १९९५ मध्ये. काही वर्षे थांबवलेल्या चाचण्या राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी पुन्हा सुरू केल्या आणि दुसऱ्याच दिवशी निदर्शकांनी फाआआ विमानतळाची इमारत पेटवली. पाहुण्यांच्या स्वागताचे दारच जळाले. शेवटचा स्फोट २७ जानेवारी १९९६ रोजी झाला.

नृत्य कोणाचे?

आज पर्यटन हा प्रदेशाचा सर्वांत मोठा व्यवसाय म्हणून सांगितला जातो. तरी आकडा लहान आहे : २०१९ मध्ये दोन लाखांहून थोडे अधिक पर्यटक आले. हवाई बेटांवर त्याच वर्षी सुमारे एक कोटी आले. फ्रान्सकडून येणारा निधी अजूनही अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. २००४ पासून या प्रदेशाला ‘सागरापलीकडील देश’ असे नाव आणि बरीच स्वायत्तता आहे. शेंगेन क्षेत्रात तो येत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत पुन्हा घातले. २९ जून, म्हणजे १८८० च्या सहीचा दिवस, स्वायत्तता दिन म्हणून साजरा होतो. स्वातंत्र्यवादी त्याच दिवशी निषेध करतात.

पण पाहुण्यांसाठीची प्रत्येक गोष्ट बाहेरच्यांनी लादलेली आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. जुलैच्या नृत्योत्सवाकडेच पाहा. मिशनरी काळातील कायद्यांनी नृत्य दाबले होते. १८८० च्या दशकात फ्रेंच राष्ट्रीय दिनाचा, १४ जुलैचा, उत्सव पापेएतेत सुरू झाला तेव्हा कार्यक्रमाची शोभा म्हणून नाचाला परवानगी मिळाली. ताहितीयन लोकांनी त्या उत्सवाला जुलैवरून ‘तिउराई’ म्हटले आणि वसाहतीच्या सणाच्या आडोशाने आपले पदन्यास, ढोल आणि गायन जिवंत ठेवले. १९५६ मध्ये मादलेन मुआ या शिक्षिकेने नृत्याचा व्यावसायिक संघ स्थापन केला. ‘सभ्य’ घरातील मुलींनी नाचावे की नाही, हा प्रश्न तिने आपल्या कामाने निकालात काढला. १९८५ मध्ये उत्सवाला ‘हेइव्हा’ हे ताहितीयन नाव मिळाले. स्पर्धेत उतरणारे संघ महिनोन्‌महिने सराव करतात, नवी गीते ताहितीयन भाषेत रचतात, आणि परीक्षक ती भाषाही तपासतात. पाहुण्याला त्यातील शब्द कळत नाहीत. प्रेक्षकांत बसलेल्या गावकऱ्यांना कळतात, आणि स्पर्धा त्यांच्यासाठीच असते.

गोंदणाचेही १९८० च्या दशकापासून पुनरुज्जीवन झाले. राइआतेआवरील तापुतापुआतेआ हे प्राचीन देवस्थान, ज्या परंपरेतून तुपाया आला ते, २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत दाखल झाले. पापेएतेच्या समुद्रकिनाऱ्यावरील बागेत, जेथे क्रूझ जहाजांचे प्रवासी फिरायला उतरतात, २००६ पासून अणुचाचण्यांच्या बळींचे एक छोटे स्मारक उभे आहे. त्या जागेला पहिल्या स्फोटाची तारीख हेच नाव दिलेले आहे : २ जुलै १९६६.